काच मिळत नाही

आमच्या घरात एक वाक्य आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं जायचं: "जपून, काच मिळत नाही." शेजारच्या मुलांचा चेंडू कुंपणावरून आला, नारळाची झावळी जरा हलली, कुणी दार जोरात लावलं, की अण्णा हे वाक्य म्हणत बाहेर यायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. आणि काच म्हणजे आमच्या गाडीची. काच मिळत नसे, आरसा मिळत नसे, दाराचं हँडल मिळत नसे, कारण गाडी बनवणारी कंपनीच गाशा गुंडाळून आपल्या देशी परत गेली होती.

आली तेव्हा केवढा थाट होता! शोरूममध्ये गालिचा, कपबशीतून कॉफी, टाय लावलेले विक्रेते. अण्णा भाळले ते मात्र दाराच्या आवाजावर. दार लावलं की 'धप्' असा जड आवाज यायचा. घरी येईल त्या पाहुण्याला ते दार लावून दाखवायचे आणि म्हणायचे, "ऐका, याला लोखंड म्हणतात." बेंगळुरात आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात, आणि आम्हीही त्यांना मुद्दाम कानडी मिसळून 'स्वल्प थांबा' म्हणतो. आमच्या लोकांत एकानं काही घेतलं की बाकीचे तेच घेतात. अण्णांच्या भरीला पडून काकांनी तीच गाडी घेतली, आत्याच्या यजमानांनीही घेतली. लग्नकार्यात मांडवासमोर तीन सारख्या गाड्या उभ्या राहिल्या की अण्णांना आपणच वधूपिता असल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी पेपरात आलं की कंपनी चालली. सर्व्हिस चालू राहील, सुटे भाग मिळत राहतील, असं गोड बोलून ते गेले. थोड्याच दिवसांत त्या शोरूममध्ये सोफ्यांचं दुकान आलं. काकांनी मिळेल त्या भावात गाडी फुंकली. आत्याकडच्या गाडीला गिऱ्हाईकच मिळेना, तेव्हा त्यांनी ती भंगारात घातली आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक सणाला अण्णांना ते ऐकवलं. अण्णा अडून बसले. "कंपनी गेली म्हणून गाडी जाते का?" असं म्हणायचे.

अशा अडलेल्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता. त्या ग्रुपवर कुणी वारल्याची बातमी आली की आधी हात जोडलेले दोन निरोप यायचे, आणि तिसरा यायचा: 'त्यांच्या गाडीचे मागचे दिवे शाबूत आहेत का?' अण्णांना यात काही गैर वाटत नसे. "माझं काही झालं तर डॅशबोर्ड त्या हुबळीवाल्याला दे," असं त्यांनी आईला सांगूनच ठेवलं होतं. आई म्हणाली, "सरी, देते. आणि तुम्हाला कुणाला देऊ?"

गाडीत बसणं सोपं होतं, उतरणं कठीण. चालकाच्या दाराचं आतलं हँडल तुटलं होतं. उतरायचं तर बटण दाबून काच खाली करायची, हात बाहेर घालायचा आणि बाहेरून दार उघडायचं. त्याच्या शेजारचं दार एका बसनं चेपल्यापासून उघडतच नव्हतं. मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांसाठीचं लॉक असतं ते जे एकदा बसलं ते कायमचं, म्हणजे मागे बसणाऱ्याला बाहेरून कुणी दार उघडेपर्यंत वाट बघावी लागे. आम्हाला याची इतकी सवय झाली होती की व्हाइटफील्डला ऑफिसच्या कॅबमधून उतरतानाही मी काच खाली करून हात बाहेर काढायची. बाकीचे माझ्याकडे बघत राहायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या वर्षी अण्णा डोळे तपासून आले आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. कच्चा आहे, पिकला की काढू." त्यानंतर गाडी फाटकाच्या खांबाला घासली. मग पुन्हा घासली. मग एका कलिंगडाच्या हातगाडीला लागली आणि भर रस्त्यात कलिंगडं घरंगळली. हातगाडीवाल्याच्या जागी एखादं मूल असतं तर, या विचारानं माझी झोप उडाली. मी म्हटलं, ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवू नका. अण्णा म्हणाले, "ही आहे तोवर चालवणार. ही गेली की दुसऱ्या कुठल्या गाडीच्या चाकाला हात लावणार नाही, शब्द देतो." तेव्हा माझ्यापुरता प्रश्न सरळ झाला. गाडी जायला हवी होती. ती गेली तर अण्णा वाचणार होते आणि त्यांच्यासमोर येणारं कुणीतरी वाचणार होतं.

यशवंतपूरचा एक भंगारवाला न्यायला तयार झाला. आता आमच्या घरात एक नियम आहे. खंडेनवमीला ज्या वाहनाला कुंकू लागलं ते पुढचे गणपती बसेपर्यंत घरचं, ते विकायचं नाही. हा नियम कुठल्या पोथीत नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. म्हणजे नवमीच्या आत गाडी काढायला हवी होती. मी भंगारवाल्याला बोलावलं तर अण्णा म्हणाले, पितृपंधरवड्यात घरातली वस्तू बाहेर काढत नाहीत. पंधरवडा संपला तर म्हणाले, घट बसलेत, आता कशी काढणार? मी हात चोळत बसले आणि नवमी उजाडली. मधल्या काळात बंद पडलेली गाडी अण्णांनी कुठूनसा मेकॅनिक आणून चालू केली, आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि मी आणखी एक वर्ष अडकले.

मी रागातच पूजेला बसले. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं देवासमोर मांडतात. आईच्या विळ्या, अण्णांचे स्क्रू-ड्रायव्हर, माझा लॅपटॉप, आणि हल्ली सगळ्यांचे फोन. कुंकू लागलं की दिवेलागणीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एरवी फोनशिवाय मोरीतही न जाणारी मी, माझा फोन विळीशेजारी ठेवून नमस्कार करते. पूजा झाली की गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची, ती चिरडत निघायचं आणि देवळापर्यंत फेरी मारून यायचं. अण्णा स्टिअरिंगवर बसले. आई म्हणाली, "तू जा गं बरोबर, एकटे नकोत." मी रेशमी साडी सावरत मागे बसले. बाहेरून दार आईनंच लावलं.

देऊळ आलंच नाही. एका बंद शाळेच्या कुंपणाशेजारी, गतिरोधकावरून जाताना गाडीनं उचकी दिल्यासारखं केलं आणि सगळं गेलं. इंजिन, दिवे, पंखा, हॉर्न, सगळंच. अण्णांनी किल्ली फिरवली. काही नाही. मग त्यांनी काचेचं बटण दाबलं, आणि ते दाबतानाच आम्हा दोघांना एकदम कळलं.

"आता काच खाली होणार नाही," मी म्हटलं.

"स्वल्प थांब. कुणीतरी येईल."

बाहेरून कुणी नुसतं हँडल ओढलं असतं तरी आम्ही सुटलो असतो. पण गल्ली रिकामी होती. सुट्टीचा दिवस, जो तो आपापल्या घरी पूजेत. जवळच कुठल्याशा मंडळाचा भोंगा लावलेला, मधूनच फटाक्यांची माळ. बंपरला बांधलेली केळीची पानं आणि टपावरून लोंबणारे झेंडू यांच्या आड आम्ही दोघं होतो. आई निवांत असणार. आम्ही देवळात रांगेत आहोत असंच ती समजणार. ऊन सरळ टपावर होतं आणि आत झेंडूचा, कापराचा, जुन्या सीटांचा वास कोंडला होता.

एक स्कूटरवाला आला. त्याच्या हँडललाही झेंडू होते. आमची गाडी बघून तो थांबला, अंगठा वर केला आणि फोन काढून फोटो घेऊ लागला. जुन्या गाड्यांचा शौकीन असावा. मी काचेवर थापा मारल्या, हातानं 'उघडा, उघडा' केलं. त्याला वाटलं मी त्याला हाकलतेय. "सॉरी, अक्का," असं काहीतरी त्याचे ओठ म्हणाले आणि बिचारा ओशाळून निघून गेला. मी किंचाळले, पण भोंग्यापुढे माझं काय चालणार!

"सीटखाली पाना आहे ना, चाकाचा?" मी म्हटलं. "काढा तो."

"कुंकू लावलंय त्याला सकाळी."

"मग?"

"आज वापरायचा नाही."

"गाडी चालते वापरलेली?"

"ती पूजेतली फेरी आहे." मग जरा थांबून, "आणि काच फोडून पुढे काय? मिळणार आहे का कुठे?"

मी मागे, ते पुढे. मला त्यांची फक्त मान दिसत होती. सदरा पाठीला चिकटला होता आणि मानेवरून घाम ओघळत होता. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ठीक वाटत नव्हता. आणि तरीही मी बसून होते. ऑफिसात माझ्या एका निरोपावर लोक धावत येतात, आणि इथे वडिलांनी नाही म्हटलं म्हणून मी मांडीवर हात ठेवून बसले होते. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त. मग माझा तोल सुटला. जे वर्षभर जिभेवर होतं ते सगळं त्या मानेला उद्देशून बोलले. कलिंगडं, खांब, मोतीबिंदू. "तो पिकायची वाट बघत तुम्ही कुणाला तरी मारणार आहात," असंही म्हटलं.

अण्णांनी आरशात बघितलं नाही. म्हणाले, "मोतीबिंदू नाही तो. काचबिंदू आहे."

मला आधी अर्थच लागला नाही.

"समोरचं लख्ख दिसतं मला. तो फ्लेक्स बघ, अक्षरन् अक्षर वाचून दाखवतो. कडेचं गेलंय. गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. थेंब घातले तर उरलंय ते टिकेल."

"आणि आईला?"

"तिला मोतीबिंदू माहीत आहे. तिच्या बहिणीचा काढला, दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटत होती. म्हणून तोच सांगितला."

मला रडू आलं. गाडीत हवा आधीच कमी, त्यात रडणं म्हणजे मूर्खपणा, पण आलं. मी विचारलं, मला तरी का सांगितलं नाही. ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी किल्ली गेली असती." ते खरं होतं.

टप आणखी तापला. अण्णांनी सदऱ्याची वरची बटणं काढली. मान एकदा पुढे कलली, पुन्हा सावरली. "अण्णा!" मी ओरडले. ते दचकले, वाकले आणि सीटखालून पाना काढला. कपाळाला लावला.

"पदर घे तोंडावर," ते म्हणाले.

मी पदर घेतला, पण डोळे उघडे ठेवले. अण्णांनी समोरच बघत उजवीकडे पाना हाणला. तो काचेला लागला नाही, दोन दारांमधल्या लोखंडी खांबावर आपटला. त्यांनी परत हाणला. परत तिथेच. काच त्याच्यापुढे वीतभर होती, चांगली मोठी, उन्हानं चमकणारी. तिसऱ्या खेपेला त्यांनी आधी डाव्या हातानं चाचपून बघितलं, काच कुठे सुरू होते ते. मग हात तसाच राहिला. त्यांनी मान न वळवता पाना खांद्यावरून मागे धरला.

"तूच मार."

मी माझ्या बाजूची काच फोडली. पहिल्या घावाला नुसती थरथरली, दुसऱ्याला भसकन तिचे मणी झाले आणि मांडीवर पडले. भोंग्याचा आवाज आत आला, आणि वारा. मी पदर हाताला गुंडाळून बाहेर काढला, हँडल ओढलं, उतरले आणि अण्णांचं दार उघडलं. ते उतरले, दार लावलं. 'धप्.' मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

घर फार लांब नव्हतं. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि पुढे निघाले. ताठ, छाती काढून, रस्त्याच्या डाव्या कडेनं, नेहमी चालायचे तसे. मी साडीतल्या काचा झटकत मागे. मला वाटलं, बघा, चालतायत की नीट. उगाच घाबरले मी.

आमचं घर रस्त्यावरच, डाव्या हाताला. उशीर झाला म्हणून आई फाटकाबाहेर येऊन उभी होती, ओवाळायचं ताट हातात. आम्हाला पायी येताना बघून तिनं आमच्यामागे गाडी शोधली. तिनं ताट तसंच वर उचललं. अण्णा तिच्या अगदी हाताशी आले, आणि सरळ पुढे चालत गेले.

आईनं त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठं निघाले गं हे?" तिनं विचारलं.