वाणात लुटलेलं सभासदत्व

काशम्मा बिराजदार यांनी माळढोक अजून पाहिलेला नाही. चौदा वर्षं त्या उन्हाळ्यातल्या दर शनिवारी नान्नजच्या माळावर जातात, आणि चौदा वर्षं घरी आल्यावर त्यांचे यजमान श्रीशैलअण्णा भाकरीचा तुकडा मोडत विचारतात, "भेटला का तुझा पाहुणा?" काशम्मा "नाही" म्हणतात आणि शेंगाचटणीची वाटी पुढे सरकवतात. ह्या संभाषणात आजवर फरक पडलेला नाही. पडावा असं दोघांपैकी कुणाला वाटतही नाही.

श्रीशैलअण्णांचं सोलापूरच्या बाळीवेशीत भुसार मालाचं दुकान. तूरडाळ तळहातावर घेतली की ती कुठल्या शिवारातली ते सांगतील. पक्ष्यांत मात्र त्यांना कावळा आणि कावळा नसलेले एवढे दोनच प्रकार ठाऊक. काशम्मा लग्नाआधी इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या. मुलगी काव्या नोकरीसाठी पुण्याला गेली त्या वर्षी त्या माळरान जपणाऱ्या माळसोबती संस्थेच्या सभासद झाल्या. संस्थेला दुपारी मोकळं असणारं आणि उन्हाला न भिणारं माणूस हवं होतं. काशम्मांच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी आहे, त्यामुळे उन्हाचा प्रश्न नव्हता.

काम साधं. अभयारण्याच्या कडेला संस्थेचे तीन पाणवठे आहेत, सिमेंटच्या पसरट बश्यांसारखे. मार्च ते जून टँकर घेऊन जायचं, बशीतलं शेवाळ काथ्याच्या ब्रशनं घासायचं, पाणी भरायचं. मधोमध एक दगड तिरका ठेवायचा, म्हणजे पाण्यात पडलेला सरडा त्यावर चढून बाहेर येतो. दगडाची युक्ती काशम्मांची. त्याआधी सरडे बशीत मरून पडत आणि संस्थेच्या अहवालात "सरपटणाऱ्या प्राण्यांचा वावर आढळला" अशी नोंद होई.

बश्या भरून झाल्या की काशम्मा बाभळीखाली बसत. समोर नुसतं गवत. कधी काळविटांचा कळप, कधी सरळ वर चढत जाणारा एखादा चंडोल, बहुतेक वेळा काहीच नाही. घरात दोन मिनिटं स्वस्थ बसलं की कुणीतरी विचारतंच, "काय करायलीस गं?" माळावर विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणजे एक होत्या. केराबाई. जवळच्याच वस्तीवर राहायच्या, साठ-सत्तर मेंढरं घेऊन फिरायच्या. पाणवठे रानातल्या जनावरांसाठी, मेंढरांना तिथं मनाई. तसा फलकही आहे, आणि जागोजागी वाकलेलं तारेचं कुंपण. केराबाई फलकाच्या सावलीला काठी टेकून उभ्या राहत आणि म्हणत, "अक्का, त्या टँकरवाल्याला काय तरी सांगायचं ऱ्हायलंय की तुमचं."

काशम्मा टँकरवाल्याकडे जात आणि माळाकडे पाठ करून डिझेलच्या भावाविषयी बोलत. परत वळेपर्यंत मेंढरं पुढे गेलेली असत आणि बशी चार बोटं उतरलेली. पुढच्या शनिवारी केराबाई लांडगीनं पिल्लं कुठं घातलीत, काळविटांच्या कळपात नवं पाडस कधी आलं, ते सांगून जात. संस्थेच्या अहवालातल्या निम्म्या नोंदी केराबाईंच्या डोळ्यांच्या असत. दर एप्रिलला मेंढरांबद्दल तक्रारीचं एक पत्रही संस्थेकडून वनखात्याला जाई. तेही केराबाईंबद्दलच.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या डिसेंबरात संस्थेचे अध्यक्ष गुरुबसप्पा सर घरी आले, चहा नको म्हणाले, आणि घटनेचं पुस्तक उघडून बसले. सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चहा नको म्हणाले म्हणजे प्रकरण गंभीर.

"काशम्माबाई, कलम अकरा. वार्षिक सभेच्या दिवशी सभासद पन्नासाच्या खाली असले तर संस्था विसर्जित करायची."

"आपण किती आहोत?"

"एकोणीस. त्यात श्रीशैलराव धरून. बाकीचे यंदा गळाले."

श्रीशैलअण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं. "मी आहे?"

"चार वर्षं झाली की," काशम्मा म्हणाल्या. "सही केलीत, तेव्हा वाचलं नव्हतं का?"

टँकर आत न्यायची परवानगी संस्थेच्या नावावर होती. संस्था गेली की परवानगी जाणार. तसं सरांनी कलमांसकट समजावलं. काशम्मांना त्यातून एवढंच कळलं, की शनिवार जाणार.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांना उपाय सुचला. संक्रांत तोंडावर होती. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा सुरू झाली की बाळीवेशीत रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. दरवर्षी काशम्मा स्टीलच्या डब्या लुटायच्या. संस्थेची वर्षाची वर्गणी त्या डबीपेक्षा फार जास्त नव्हती.

"वाणात सभासदत्व?" सर म्हणाले.

"वाण कुणी नको म्हणत नाही, सर."

सरांनी घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. वाणाविरुद्ध कलम नव्हतं. त्यांनी एकतीस कार्डं काढली, लाल शाईनं नंबर घातले, पावत्या फाडल्या आणि बजावलं की ह्यापुढे नवी पावती नाही, नवे सभासद थेट एप्रिलात, सभेनंतर. कार्डाचा वरचा अर्धा भाग सभासदानं जपायचा. खालच्या अर्ध्या भागावर नाव लिहून, सही करून तो संस्थेला द्यायचा. सही आली की सभासद पक्का.

हळदीकुंकू झकास झालं. शेजारच्या गिरिजाबाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्यात ठेवायचं काय असतं?"

"काही नाही. सही करून खालचा भाग मला परत द्यायचा."

"वाण परत?" गिरिजाबाईंनी विचारलं, आणि काशम्मांच्या तोंडाकडे, यांना बरं नाही की काय, अशा नजरेनं पाहिलं.

चूक इथं झाली होती, पण त्या दिवशी काशम्मांच्या ध्यानात आली नाही. दहा दिवसांत तीन सह्या आल्या. त्यातली एक विजयमालाची. ती विम्याच्या कचेरीत आहे, कोरा फॉर्म तिला बघवत नाही.

मग रथसप्तमीला मागच्या गल्लीतल्या बाळाबाईंच्या घरी बोलावणं होतं. बाळाबाईंनी काशम्मांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, हातावर तिळगूळ ठेवला, आणि वाण दिलं. प्लास्टिकच्या डबीत घडी घातलेलं एक कार्ड. लाल शाईत नंबर सतरा. माळसोबती संस्था, सोलापूर.

काशम्मांनी ते घेतलं. वाण नको म्हणत नाहीत.

आलेलं वाण पुढच्या घरी वाण म्हणून द्यायचं, हे काही बाळाबाईंनी शोधून काढलेलं नाही. काशम्मांनीही गेल्या वर्षी वाणात आलेल्या सात साबणदाण्या मंद्रूपच्या नणंदेकडे लुटल्या होत्या. त्यामुळे रागावायची सोय नव्हती. त्यांनी बाळाबाईंना हळूच स्वयंपाकघरात नेलं, तिथंच सही करून घेतली, आणि विचारलं, "तुम्हाला हे कुणी दिलं?"

"आठवत नाही बाई. पण छान वाटलं. बाकी सगळ्यांनी चमचेच दिले."

पुढचे चार आठवडे काशम्मांनी कार्डांच्या मागे घालवले. पाच नंबर गिरिजाबाईंनी आपल्या जावेला दिलं, जावेनं शाळेतल्या बाईंना, बाईंनी सासरी. बारा नंबर विडी कारखान्याच्या गल्लीतून विणकरांच्या गल्लीत गेलं. तिथं एका आजींनी ते देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं, सरकारी असेल म्हणून. आजी तेलुगूत बोलल्या, काशम्मा मराठीत, मध्येच दोघी कन्नडवर आल्या, आणि सही झाली. वीस नंबर एकाच गल्लीत तीन घरं फिरून पहिल्याच घरी परत आलं होतं. त्या घरच्या बाईंना ते दुसरं वाटलं.

"हुंडीसुद्धा एवढी फिरत नाही," श्रीशैलअण्णा म्हणाले. "साकु की आता. जेवायला वाढ."

काशम्मांनी वाढलं, पण अण्णांनी पुरे म्हटलं तरी कार्डं शोधायच्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अण्णा डाळ बघायला मंद्रूपला गेले. संध्याकाळी त्यांनी पिशवीतून डाळीच्या नमुन्याच्या तीन पुड्या काढल्या, आणि चौथी पुडी काशम्मांपुढे सरकवली. आत सही केलेले दोन कागद होते.

"तुझ्या नणंदेच्या घरी होते. साबणदाण्या अजून आहेत म्हणाली."

फेब्रुवारी संपत आला तेव्हा तीस सह्या जमल्या. एकोणीस आणि तीस, एकोणपन्नास. राहिलं नऊ नंबरचं कार्ड. त्याच्या मागावर काशम्मा अक्कलकोटला गेल्या. तिथं ईरम्मा नावाच्या बाई शिवणक्लास चालवतात.

"ते ना? एक नवी नवरी होती क्लासला, तिला दिलं," ईरम्मा मशीन न थांबवता म्हणाल्या. "गेली की ती, सासरी."

"सासर कुठलं?"

"वाण देताना सासर विचारतात का?"

परतीच्या एसटीत काशम्मांनी खिडकीबाहेर बघून ठरवलं, की सरांना सभेआधी काही सांगायचं नाही.

महिनाअखेरीला वार्षिक सभा एका शाळेतल्या चौथीच्या वर्गात भरली. एरवी सातजण यायचे. ह्या वेळी बाया बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या, कारण बाळाबाईंनी सगळीकडे सांगितलं होतं की उपमा आहे. सरांनी सह्या मोजल्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

"एकोणपन्नास," ते म्हणाले. खरं तर त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. पण पुस्तक त्यांनी उघडलंच. "कलम अकरा..."

"सर, उपमा गार होतोय," काशम्मा म्हणाल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदाच सभेत बोलल्या. "आधी खाऊन घेऊ. मग वाचा."

घटनेत उपम्याविरुद्धही कलम नव्हतं. सर थांबले. काशम्मा पातेल्याशी उभ्या राहून एकेका बशीत उपमा घालत होत्या, हळूहळू, पाहुणे उठू नयेत म्हणून वाढतात तसं.

उपमा तळाला गेला तेव्हा दारात केराबाई आल्या. अंगावर धुवट नऊवारी, बरोबर नवी सून पूनम. पूनमच्या हातात कार्ड.

"अक्का, ह्ये कागूद तुमच्या संस्थेचं हाय का? हिला वाणात आलं. हिनं संक्रांतीचं म्हनून मला दिलं. हिनं संस्थेचं नाव वाचलं, टँकरवाल्यानं सभा कुठं त्ये सांगितलं, आनि आले."

काशम्मांनी कार्ड पाहिलं. लाल शाई, नऊ. घडी तशीच, कोरी. अक्कलकोटपर्यंत जाऊन ते पाणवठ्यापासून हाकेच्या अंतरावर पोहोचलं होतं.

सरांनी केराबाईंवर सहा पत्रं लिहिली होती. पाहिलं मात्र आज पहिल्यांदा. "बसा," ते म्हणाले. "इथं सही करा. झालात सभासद."

केराबाई पहिल्या बाकावर बसल्या. "मेंबर म्हंजी काय काय करता येतंय?"

सरांना असा प्रश्न आवडतो. "सभेला येता येतं, बोलता येतं, ठराव मांडता येतो."

"मंग मांडते. तारंच्या भाईर मेंढरांसाटी एक डोण बांदायची. टँकर आला की तीबी भरायची. म्हंजी माजी मेंढरं तुमच्या बशीला शिवायची न्हाईत, आनि तुमाला कागदं लिवायला लागायची न्हाईत."

"सूचना चांगली आहे. पण आधी सही. सही केल्याशिवाय तुम्ही सभासद नाही, आणि सभासद असल्याशिवाय ठराव नाही."

"आनि सही केल्यावर तुमी न्हाय म्हनला तर?"

गिरिजाबाईंनी चमचा बशीत ठेवला. सरांनी घटना चाळायला घेतली. काशम्मांना दिसत होतं, की त्यांना तिच्यात काही सापडणार नाही.

केराबाईंनी पेन घेतलं. सही त्यांना पूनमनं शिकवली होती, तीन शब्दांची. पहिला शब्द त्यांनी सावकाश, रेघेला धरून लिहिला. केराबाई. मग पेन उचललं आणि हवेत धरून ठेवलं.

"बाकीचं ठराव लिवल्यावर."

सरांनी इतिवृत्ताची वही उघडली. "सूचक, केराबाई," ते लिहू लागले. "अनुमोदन कोण देतंय?"

केराबाई काशम्मांकडे बघत होत्या. वर्गात टँकरवाला नव्हता. काशम्मांनी उपम्याचा डाव पातेल्यात ठेवला, पदराला हात पुसले, आणि सगळ्यांसमोर तोंड करून उभ्या राहिल्या.

"मी. काशम्मा श्रीशैल बिराजदार."

"मंजूर?" सरांनी विचारलं. बायांनी हात वर केले. काही जणींनी दोन्ही. केराबाईंनी उरलेले दोन शब्द लिहिले आणि सरांनी आकडा खोडून पन्नास केला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी श्रीशैलअण्णांनी डाळ उतरवणारे दोन गडी डोण बांधायला पाठवले, त्या बदल्यात घरी गव्हाची गोड हुग्गी करायची ठरली. पुढच्या शनिवारी टँकर आला. काशम्मांनी तिन्ही बश्या घासल्या, भरल्या, दगड ठेवले. मग तारेबाहेर जाऊन डोण भरली आणि तिच्यातही एक दगड तिरका ठेवला.

"मेंढरू काय सरडा हाय व्हय?" केराबाई म्हणाल्या.

"सरडाही येईल की."

मेंढरं डोणीवर तुटून पडली. टँकरवाला सवयीनं गाडी बंद करून बोलायला उभा राहिला होता. काशम्मांना त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या मेंढरांकडे तोंड करून बाभळीखाली बसल्या.