गळा मोकळा केला आणि गाठ निघाली

दुष्काळाचं वर्ष होतं. टँकरच्या घागरी वाहून माझी मान धरली ती सुटेना. मालकांनी लातूरला नेलं, सासूबाईही सोबत आल्या. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला.

मशीनपाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी निघाली. राहिलं गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या डबीतलं. आम्हा लिंगायतांत ते अंगावरून उतरवत नाहीत. पण हे सांगायला माझं तोंड उघडेना. शेवटी सासूबाईंनीच ते तळहातावर घेतलं आणि मी बाहेर येईपर्यंत बाकावर तशाच बसून राहिल्या. लोकांनी सरका म्हटलं तरी सरकल्या नाहीत.

मानेची एक शीर जरा दबली होती, एवढंच. पण डॉक्टर म्हणाले, "थायरॉईडमध्ये गाठ दिसते. मान बघताना सहज सापडली. बहुतेक साधीच असेल, तरी सुई घालून तपासू."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लिंग गळ्यात होतं तवर गाठ नव्हती. गळा मोकळा दिसला अन् शिरली."

"आई, ती आधीचीच हाय," मालक म्हणाले.

"आधी कुणी बघितली?"

मालक उठून चपला घालू लागले, तरी सासूबाई बोलतच होत्या.

"उस्मानाबाद जिल्हा होता तवा असले आजार नव्हते. लातूर जिल्हा झाला, दवाखाने लई झाले, अन् हे निघालं."

शेजारणी गाठ बघायला येऊ लागल्या. "गिळून दाखव गं," म्हणायच्या. मला माणसांत बसायचीही लाज, पण नाही म्हणता येईना. प्यायला पाणी नव्हतं, मी कोरडंच गिळून दाखवायची. पोरगी अजून शाळेत होती. गाठ वाईट निघाली तर तिचं कसं होईल, एवढंच मनात यायचं.

सुईच्या दिवशी सासूबाई आत आल्या. लिंग उतरवू दिलं नाही. डॉक्टरांनी ते बाजूला सरकवलं आणि सोनोग्राफी लावली.

"हाय का अजून?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे."

"निघंल. शिरायला येळ लागत न्हाई, निघायला लागतो."

रिपोर्ट साधा आला. डॉक्टर म्हणाले, "काही करायचं नाही. राहू द्या. वर्षानं दाखवा."

"राहू द्या म्हंजे? भाडेकरू हाय का ती?" सासूबाई म्हणाल्या.

परतताना एसटीत पोरगी आठवली आणि मी पदर तोंडावर घेऊन रडले.

"सुई अजून दुखायलीय तिला," सासूबाईंनी मालकांना सांगितलं.

मी पदराआडून "व्हय" म्हटलं.