बाबांनी आईची डाळ बंद केली

घरच्या ग्रुपवर सायन्सच्या लिंका टाकणाऱ्यांनो, आधी हे वाचा.

आज दुपारी मुलुंडला आईकडे गेले, तर तिच्या ताटात नुसता तूपभात. आमटी नाही, अंडं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आठवडा झाला बंद करून. तूच बातमी टाकलीस ना, अल्झायमरमध्ये मेंदूत प्रोटीन साचतं म्हणून?"

मी डोक्याला हात लावला. आईच्या याच आजारावर मी लॅबमध्ये काम करते. मेंदूला सूज येते, तिथे तयार झालेलं प्रोटीन साफ होत नाही, ते कसं साफ होईल हे आम्ही उंदरांवर बघतो. मुगाच्या डाळीचा त्याच्याशी काय संबंध? अर्धा तास चिडून हेच समजावत होते. मग लक्षात आलं, बाबांच्या ताटातही नुसता भातच होता.

"तुमचं औषध कधी येईल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"मग तोवर मी काय करू, ते सांग."

मी उठून डाळीचा कुकर लावला. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं? लिंक पाठवू नका, प्लीज.