कालवण नाकारल्याचे पत्र

सातपूरच्या ज्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी एकतीस वर्षे काढली, त्याला टाळे लागले तेव्हा माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते टाळे बेकायदेशीर होते. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, आजही म्हणतो. कामगार खाते, भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय, जिल्हाधिकारी, सर्वांना मी रजिस्टर टपालाने पत्रे लिहिली आणि पोचपावत्या फाइलीत लावत गेलो. उत्तरे आली ती एकाच नमुन्याची: आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. अर्ज वर्ग होत राहिला आणि आम्ही दोघे सिडकोतल्या दोन खोल्यांत होतो तिथेच राहिलो.

त्या वर्षी आम्हांला साध्या राहणीचे गुण सांगायला बरेच लोक येऊन गेले. माझा मेव्हणा नव्या गाडीला टेकून म्हणाला, "भावजी, गरजा कमी झाल्या की माणूस सुखी होतो." मी त्याला म्हणालो, "मग गाडी इथेच ठेव आणि सुखाने चालत जा." त्यानंतर तो आला नाही. पत्नी मात्र कधी कुरकुरली नाही. जे मिळेल ते पुरवत राहिली. तिच्या त्या समाधानाचाही मला राग येई.

आमच्या खालच्या मजल्यावर पिंपळगावकडची एक बाई राहत असे. नवरा वारलेला. ती भाकऱ्या आणि कालवण करून दारातूनच गिऱ्हाइकांना विकी. रोज बारा वाजता ती जिन्यातून हाक मारी, "ताई, घ्या वं, ऊन हाय तवर!" आणि छोट्या पातेल्यात कालवण वर येई. संध्याकाळी पत्नी पातेले घासून परत नेई, पण रिकामे कधी नाही. भांडे रिकामे परत करायचे नसते, हा तिच्या माहेरचा नियम. कधी गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता, कधी लिंबू, कधी मूठभर शेंगदाणे.

एके दिवशी मी पाहिले, ती डब्याच्या तळाची साखर खरवडून त्या पातेल्यात घालत होती.

"अगं, आपल्याला चहाला?"

"मला हल्ली गोड नकोसंच वाटतं."

"आणि मला?"

"तुमच्यापुरती काढून ठेवलीय."

म्हणजे ती कित्येक दिवस बिनसाखरेचा चहा पीत होती आणि माझ्या ते लक्षात आले नव्हते. घरात साखर संपत आली होती, पण माझे रजिस्टर टपाल चालू होते. तेव्हा ही गोष्ट मला माझ्या विरुद्ध दिसली नाही. ती खालच्या बाईविरुद्ध दिसली. तिच्या दयेची परतफेड माझी बायको उपाशी राहून करते आहे, असा निष्कर्ष काढून मी कागद घेतला. दान पूर्ण होण्यास घेणाऱ्याचा स्वीकार लागतो, हा कायदा आहे. मी लिहिले की आम्ही हा स्वीकार नाकारीत आहोत, आम्ही भिकारी नाही, सबब अन्न पाठवणे तत्काळ थांबवावे. पत्नी निजलेली असताना दुपारी ते पत्र मी खालच्या दारातून आत सरकवले.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. पत्नीने वाट पाहिली, मग ती खाली जाऊन आली.

"काम आहे म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही तिनं. अहो, माझं काही चुकलं असेल का?"

"माणसं बदलतात," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून टोचते.

बारा दिवस मी गप्प राहिलो. तेराव्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि विचारले, "आजी, दिवसभरात काय खाता?" ती म्हणाली, "सगळं." मला ते सगळे ठाऊक होते. घरातली भाजी माझ्या ताटात जाई. तिची भाकरी त्या पातेल्यातल्या कालवणाबरोबर खाल्ली जाई. बारा दिवस ती मीठ लावून भाकरी खात होती.

मी खाली गेलो. बाई परातीत पीठ मळत होती. एरवी मला भाऊ म्हणणारी ती म्हणाली, "या साहेब."

"मी ते पत्र मागे घेतो."

"मला कुठं वाचता येतंय? गिऱ्हाइकानं वाचलं, मोठ्यानं. धा मानसं हुबी व्हती." तिचे हात थांबले नाहीत. "तुमाला भिकारी कोन म्हनलं? तुमच्या कढीपत्त्याबिगर माझ्या आमटीला वास नव्हता. ताई द्यायच्या, मी द्यायचे. ह्यात दान कुठं आलं वो?"

मी जायला वळलो.

"ताईंना सांगितलं का, कागद तुमी लिवला म्हून?"

"नाही."

"मग आदी ते सांगा."

मी सांगितले. पत्नी कुशीवर भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "साऱ्या जगाला विचारता. मला एकदा विचारलं असतं."

बरे वाटू लागल्यावर ती स्वतःच खाली गेली. तेव्हापासून रोज जाते. भाकऱ्या थापू लागते, तिथेच जेवते, दुपारी परत येते. तिच्या चेहऱ्यावर रंग आला आहे. माझे ताट ती झाकून ठेवते; त्यात काही कमी नसते. खालून दोघींचे हसणे ऐकू येते आणि मी एकटा जेवतो.

परवा ती निघताना मी विचारले, "मीही येऊ का जेवायला?"

ती दारात थांबली. "विचारते तिला," म्हणाली आणि जिना उतरून गेली.