सावड सरांचं राहिलेलं उत्तर

पहिल्याच तासाला सर वर्गात आले, हजेरीचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बसा. मी एकटा आलो न्हाई." आम्ही सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. वाटलं, तपासणीला कुणी साहेब आलेत. दारात कुणी नव्हतं. सरांनी आपल्या पोटावर हात ठेवला. "हितं बघा. ह्या पोटात इतके बारीक जीव हायत की औरादच्या बाजारात मावायचे न्हाईत. ते हायत म्हणून मला भाकर पचती, आन् मी खातो म्हणून ते जगतेत. त्यांची आन् माझी सावड हाय." मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव सावड सर पडलं. त्यांचं खरं नाव शाळेच्या कागदांबाहेर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

सावड म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या पोरांना सांगावं लागत नसे. दोन शेतकऱ्यांकडे एकेकच बैल असतो, आणि एका बैलानं औत चालत नाही. मग दोघं आपापला बैल आणून एका जुवाखाली जुंपतात. आज तुझं रान, उद्या माझं. सर अशाच घरातले. कर्नाटकाच्या हद्दीतल्या औरादजवळच्या खेड्यातलं बौद्ध कुटुंब, थोडं रान, दोन भाऊ आणि भावागणिक एक बैल. शिकून मास्तर झाले तरी शेतीतून त्यांचा पाय निघाला नाही. खिशात खडू आणि टाचेच्या भेगांत काळी माती, अशा अवतारात ते जीवशास्त्र शिकवत.

उत्क्रांतीचा धडा आला की सरांना वेगळाच हुरूप चढायचा. "एक पेशी व्हती," ते सुरू करायचे. "तिनं दुसरीला गिळलं. गिळलं, पण पचवलं न्हाई. आतली म्हणली, मी तुला ताकद देते, तू मला घर दे. ती आतली म्हंजे तंतुकणिका. आज तुमच्या अंगात हाय, बैलाच्या हाय, बाभळीच्या हाय." मग फळ्यावर एक टिंब, त्याभोवती गोल, गोलाभोवती मोठा गोल. पेशी, शरीर, कळप, गाव, तालुका, देश. प्रत्येक गोल आधीच्या गोलाला पोटात घ्यायचा. शेवटचा गोल, म्हणजे सगळी दुनिया, फळ्यावर कधीच मावायचा नाही. सर खडू न उचलता फळ्याच्या चौकटीवरून भिंतीवर जायचे आणि पलीकडून परत यायचे. हेडसर वैतागायचे, शिपाईमामा ओलं फडकं घेऊन भिंत पुसायचे. सरांचं ठरलेलं उत्तर होतं, "फळा संपला म्हणून सावड संपती व्हय?"

मी हे घरी सांगितलं तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानात वाटाणे निवडत बसले होते. आमचं घर लिंगायत, शरणांची वचनं म्हणणारं, कष्टाचं वाटून खाण्याला दासोह म्हणणारं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं सर दासोहाचंच बोलायलंय की ग. निस्तं पेशीत घालून." अप्पांनी कुणाचं कौतुक केल्याचे प्रसंग मोजके, त्यातला हा एक.

सर बोलूनच थांबत नसत, ही मोठी पंचाईत होती. आमच्या आवारात मराठी आणि कानडी अशा दोन शाळा, आणि हापसा एकच. मधल्या सुट्टीत तिथे रोज मारामारी. सरांनी नियम काढला: आपल्या शाळेच्या पोरानं हापसलेलं पाणी प्यायचं नाही. कानडीवाल्यानं हापसायचं, मराठीवाल्यानं प्यायचं, मग उलट. आम्ही हट्टाला पेटलो. एक अख्खी दुपार दोन्ही शाळा हापशाभोवती कोरड्या तोंडानं उभ्या राहिल्या, आणि सरही आमच्यात उभे राहिले, पाणी न पिता. शेवटी कानडी शाळेतली एक ठेंगणी मुलगी पुढे आली, दांड्याला लोंबकळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "कुडी." पी. मी ओंजळ धरली. खोटं कामून बोलू, पाणी पिताना मला रागच आला होता तिचा. आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

सर भाबडे नव्हते, हे मात्र सांगायला हवं. एका पोरानं एकदा विचारलं, "सर, वाघ बी उत्क्रांतीतूनच आलाय की. आन् लढाया? बॉम्ब?" सर खूश झाले. म्हणाले, "बराबर पकडलास. दिशा हाय म्हणून रस्ता सरळ हाय असं न्हाई. आजपस्तोर ह्या औताचा कासरा कुणाच्याच हातात नव्हता. करोडो वर्षं ते तसंच, धडपडत आलंय. आता पहिल्यांदा एका जनावराला कळालंय की आपण कुठनं कुठं जायलोय. ते जनावर म्हंजे आपण. कळल्यावर बी जर औताच्या तासातून भायेर गेलो, तर चूक बैलाची न्हाई."

आता दिव्याखालचा अंधार. साऱ्या दुनियेची सावड सांगणारे आमचे सर आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी बोलत नव्हते. माणिककाका त्यांच्या समोरच्याच घरात राहायचे, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. झालं होतं असं, की मी नववीत असताना ऐन वाफशाला, पाऊस पडून रान पेरणीजोगं झालेलं असताना, माणिककाका न सांगता आपला बैल घेऊन हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात, सासुरवाडीच्या पेरणीला गेले. चार दिवसांनी परत आले तोवर इकडचा वाफसा गेला आणि सरांचं रान त्या साली पडीक राहिलं. सर भावाला एवढंच म्हणाले, "तुझा बैल परत माझ्या बैलाशेजारी नको." माणिककाकांनी रागानं बैल विकून टाकला. औत सरांचं होतं, ते सरांकडे राहिलं. जू माणिककाकांचं, ते त्यांच्या ओसरीत आढ्याला टांगलेलं राहिलं.

सरांचा बैल उजवीकडचा. जुवाच्या उजव्या बाजूला शिकवलेला बैल डावीकडे चालत नाही, त्याला जबरदस्ती केली तर तो बसून घेतो. सर पुढे भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरू लागले, पण बैल त्यांनी विकला नाही. रोज संध्याकाळी त्याला फिरवायला न्यायचे. तो रिकामा चालतानाही डाव्या अंगाला आणखी एका बैलाची जागा सोडून चालायचा. गावातले लोक हसायचे, म्हणायचे, मास्तराच्या आधी बैल पेन्शनीत गेला.

दहावीत मी हे सगळं माहीत असूनही तोंड उघडलं. सर भिंतीवरचा गोल पूर्ण करून वळले होते, हाताला खडू, चेहऱ्यावर आनंद. मी उभी राहून म्हणाले, "सर, मग तुमचं आन् माणिककाकाचं कामून न्हाई?" सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. फडकं घेऊन स्वतःच्या हातानं तो गोल पुसला. "उद्या सांगतो नंदा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही, तिसऱ्याही नाही, आणि वर्षभर मला त्यांच्याकडे मान वर करून बघता आलं नाही. लाज त्यांना वाटली की मला, हे तेव्हा कळत नव्हतं.

मी त्यांच्यामुळेच जीवशास्त्र घेतलं. शिकले, बीदरला कॉलेजात शिकवायला लागले, तिथेच मैलूर भागात खोली घेतली. सर निवृत्त झाले होते. एक दिवस दवाखान्याची फाईल घेऊन ते माझ्या दारात उभे. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं होतं. मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "तुझं उत्तर राहिलंय."

मी म्हणाले, "सोडा हो सर, पोरवयात विचारलेलं ते."

"न्हाई. सवाल बराबर व्हता." त्यांनी कप खाली ठेवला. "दुनियेशी सावड सोपी हाय ग. दुनिया रोज सकाळी समोरच्या दारात दात घासत उभी राहत न्हाई. भाऊ राहतो."

"मग जा की."

"कसं जाऊ? मी थोरला हाय. चूक त्याची हाय."

माझी जीभ काही सुधारलेली नव्हती. मी म्हणाले, "पेशीत असतंय का सर थोरलं-धाकटं? जिनं गिळलं ती थोरली, का जी गिळली गेली ती?"

सर हसले. हसताना त्यांना दम लागला आणि मी घाबरले, पण ते हात हलवत हसतच राहिले. जाताना दारात म्हणाले, "कारहुणवीला घरी ये. सवाल तुझा हाय, जवाब बघायला तूच पायजेस."

कारहुणवी म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, जेठाच्या पौर्णिमेला. सणवार न मानणारे सर हा एक मानत; म्हणत, हा देवाचा न्हाई, कामाचा सण हाय. मी पोहोचले तेव्हा त्यांनी म्हाताऱ्या बैलाला धुवून शिंगं रंगवली होती. स्वतः पांढरा शर्ट घातला होता. कासरा हातात घेतला आणि दहा वर्षं न ओलांडलेली ती एवढीशी वाट ओलांडायला निघाले. मध्येच थांबले. मला वाटलं, परततात. पण ते श्वास घ्यायला थांबले होते.

माणिककाका ओसरीत बसले होते. भावाला अंगणात पाहून उठले. जगाच्या उत्क्रांतीवर तास तास बोलणारा माणूस कासरा चाळवत उभा. शेवटी म्हणाले, "माणिक, बैल आणलाय. जू काढ."

"माझा बैल कुठाय आता, दादा," माणिककाका म्हणाले.

"ठाव हाय. काढ तू."

माणिककाकांनी आढ्याचं जू काढलं. त्यावर धूळ नव्हती, तेलाचा हात दिसत होता. दर कारहुणवीला ते त्याला तेल लावत होते, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. जू अंगणात येताच म्हातारा बैल आपणहून पुढे झाला, उजव्या टोकाशी मान खाली घालून उभा राहिला, डावी जागा मोकळी सोडून. कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं. माणिककाकांनी एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग वाकले आणि जुवाचं डावं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सर पुढे झाले, त्यांचा खांदा धरला आणि लहान पोरासारखे रडले. काकूंनी पुरणाचं ताट आणलं ते हातातच राहिलं. मीही रडले, सांगायला कसली लाज.

त्यानंतर सर आठ महिने जगले. दोघं भाऊ रोज संध्याकाळी बैल घेऊन फिरायला जायचे, असं ऐकायचे मी. त्यांच्या अंत्यविधीला त्रिसरण झालं तेव्हा दोन्ही शाळांची जुनी पोरं आली होती. कुणाला कुठल्या भाषेत रडावं हे विचारावं लागलं नाही. मला एवढंच वाटत राहिलं, की आठ महिने थोडे होते, आणि मी ते दहावीत बोलल्यावर पुढची नऊ वर्षं गप्प बसायला नको होतं.

परवा औरादला अप्पांना भेटून स्कूटरवरून परत निघाले होते. वाटेत त्या गावाजवळ रस्त्यावर पुढे म्हातारा बैल चाललेला दिसला, सवयीनं उजवीकडे सरकून. त्याच्या डाव्या अंगाला, दुसऱ्या बैलाच्या जागेवर, माणिककाका चालले होते, बैलाच्या पावलानं. मला रस्ता नव्हता. मी हॉर्न वाजवला नाही, गाडी हळू केली आणि गावाच्या फाट्यापर्यंत त्यांच्या मागून गेले.