दोन झाकलेली ताटं

मावशीच्या स्वयंपाकघरात एक लोखंडी कढई वेगळ्या खिळ्याला टांगलेली असायची. तिच्यात मासळी, अंडं, मटण कधी पडलं नव्हतं. ती शेजारच्या काकांसाठी होती. काका माळकरी. पेणला रामवाडीत त्यांचं आणि मावशीचं घर भिंतीला भिंत लावून, आणि शेजारून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही ही मावशीची रीत. त्या डब्यात जे जायचं ते त्या कढईतच शिजायचं. इतर कुणाच्या घरचं काका चहाशिवाय काही घेत नसत. आमचं घेत.

मी मूळची रोह्याची. बाबा धाटावला कंपनीत शिफ्ट करायचे आणि उरलेल्या वेळात युनियनचं काम. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवरून. पेणला एका छपाईच्या दुकानात टायपिंगचं काम मिळालं म्हणून मावशीकडे राहायला आले आणि दोन महिन्यांत माझं स्वतःचं पत्रक काढलं. गावात एक नवी इमारत झाली होती. तिच्या फाटकावर पाटी लागली की मांस-मासळी शिजवणाऱ्यांनी खोलीसाठी विचारू नये. खाडीकाठच्या गावात ही पाटी. मी लिहिलं की माणसाच्या तोंडात काय जाईल ते त्याचं त्याने ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. एसटी स्टँडवर उभी राहून वाटलं. एक प्रत काकांनी चष्मा लावून ओटीवर बसून सगळी वाचली.

“बरोबर लिवलंयस बाय,” ते म्हणाले. “ह्ये माझ्यापन कामाचं हाय.”

मला वाटलं, थट्टा करतायत.

त्याच सुमारास मावशीचा मुलगा जहाजावरून सुट्टीला आला आणि जाताना मांसाचे तीन सीलबंद डबे आणि काळ्या कागदासारख्या चौकोनी तुकड्यांचं एक पाकीट ठेवून गेला. जहाजावरचा खानसामा भाताच्या वड्यांवर त्या डब्यातल्या मांसाची चकती ठेवून, वर समुद्रातल्या शेवाळाचा कागद गुंडाळून द्यायचा. मूळची जपानी तऱ्हा, म्हणे. “एकदा करून बघ, तुला आवडंल,” असं तो मला सांगून गेला. मावशीला त्याने काही सांगितलं नाही, कारण मांस डुकराचं होतं.

मी सांगितलं. मावशीने पदर नाकाला लावला.

“कर बाय तुला करायचं तर. मी नाय खानार. आन माझी भांडी नंतर राखेनं घासायची.”

“तुझ्यासाठी वांग्याचे करते. वेगळे.”

“मग काकांना पन व्हतील. बिरड्याचा डबा आलाय त्यांचा.”

रविवार होता. काकी सकाळी वालाचं बिरडं करून, आम्हाला डबा देऊन, लेकीकडे निडीला गेल्या होत्या. संध्याकाळी परतणार होत्या. काका घरात एकटे. मी मागच्या दारी पाकीट उघडत होते तेव्हा ते कुंपणाशी येऊन उभे राहिले.

“ह्ये काय गो? कार्बन पेपर?”

“शेवाळ आहे काका, समुद्रातलं. पापडासारखं पसरून वाळवतात.”

“मासली नाय ना त्यात?”

“नाय. झाडपालाच तो.”

“मग मना पन दे एक. बगू तुझं जपान.”

भात मावशीने लावला. नवा जाडा तांदूळ, नेहमीपेक्षा जास्त पाणी, म्हणजे हवा तसा गिचका झाला. ती तो ढवळताना शरमली. “असा भात वाढला असता तर माझ्या सासूनं पातेलं ओटीवर फेकलं असतं.” मी त्यात जरासं व्हिनेगर, मीठ, साखर घातली. डबा उघडला तसा आतला गुलाबी ठोकळा फसकन आवाज करून ताटलीत पडला, डब्याचाच आकार घेऊन, कडेला चरबीची पांढरी रेघ. त्याच्या चकत्या कापल्या. चायनीजच्या गाडीवाल्याकडून वाटीभर सोया सॉस आणला होता, त्यात गूळ विरघळवून चकत्या तव्यावर परतल्या. वास चांगला आला. मावशीसुद्धा एकदा वळून बघून गेली. वांग्याचे जाड काप मात्र काकांच्या कढईत तळले आणि तोच सोया-गूळ वेगळ्या वाटीतून त्यांना लावला.

साचा म्हणून मांसाचाच रिकामा डबा वापरतात. त्यात प्लास्टिकचा तुकडा अंथरायचा, भात दाबून भरायचा, वर चकती, पुन्हा दाबायचं आणि उपडं करायचं. वांग्यासाठी मी तो डबा घेतला नाही. मावशीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घासून घेतला. विटाळ मी मानत नाही, पण दुसऱ्याच्या नेमाला आपल्या घरात जागा द्यायची तर ती पुरती द्यावी. इतकी काळजी घेतली. मग दोन्हीकडच्या वड्यांना शेवाळाचा कागद चारी बाजूंनी गुंडाळला, कडा पाण्याच्या बोटाने चिकटवल्या, आणि दोन्ही सारख्याच काळ्या दिसू लागल्या. दोन ताटांत ठेवल्या. वांग्याच्या ताटावर आणखी एक ताट झाकलं.

“झाकलेलं ते तुझं,” मी मावशीला म्हटलं. ती पापडाचं पीठ कुटत होती. “बरं,” म्हणाली.

अंघोळीला जाताना बघितलं तर उघड्या ताटावर माश्या बसत होत्या. मी त्यावरही एक ताट झाकलं आणि गेले.

केस पुसत परत आले तेव्हा मावशी पापड लाटायला पलीकडच्या आळीत निघाली होती. एकच ताट राहिलं होतं. दुसरं तिने धुऊन पालथं घातलं होतं.

“काकांना दिलं?”

“दिलं. डबा भरून, माझ्या वाटचं पन. खूश झालं.”

मी उरलेल्या ताटातली एक वडी उचलून चावली. आत वांगं होतं.

दुसरी फोडली. वांगं. तिसरी दातांनी न चावता बोटांनीच उकलली. मावशी दारात चप्पल घालता घालता थांबली. माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं असावं, कारण ती आत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

“किती मोठ्यानं दम घेतेस. भिंत पातळ हाय,” ती हळू आवाजात म्हणाली.

“अजून खाल्लं नसेल. मी जाऊन घेऊन येते.”

“अर्धा तास झाला.”

“मग सांगायला हवं.”

तिने माझं मनगट धरलं. मावशी पापड लाटणारी, तिची पकड साधी नव्हे. “बस खाली. तुला ठाव नाय. काकींचा डावा हात बगितलायस? कोपरात सरळ व्हत नाय तो. मिठागरावर व्हतं तेव्हा काका रोज पिऊन यायचं. एकदा पाट्यानं मारलं त्यांना. त्याच्यानंतर रोह्याच्या बुवांनी माळ घातली गळ्यात, तवापासून थेंब नाय. त्या माळेवर घर उभं हाय त्यांचं. तू जाऊन सांगशील, माळ बाटली. मग काय धरून ऱ्हाईल त्यो मानूस?”

मी काकींचा तो हात रोज बघत होते. पडल्या असतील कधी, असं धरून चालले होते.

“पोटात गेलं, संपलं,” मावशी म्हणाली. “देव काय वास घेत बसलाय?”

भिंतीपलीकडे काका खाकरले, भांडं ठेवल्याचा आवाज आला. गप्प राहिले तर कुणालाही कधी कळणार नव्हतं. सांगितलं आणि त्यांनी बाटली धरली, तर काकींच्या उजव्या हाताचं काय, हा विचार मला सोडत नव्हता. पण मासळी नाही ना, असं त्यांनी मलाच विचारलं होतं, आणि मीच नाही म्हटलं होतं. ते मावशीच्या कढईवर जेवले नव्हते, माझ्या शब्दावर जेवले होते. फाटकावर पाटी लावणाऱ्याने लोकांच्या तोंडाचा निर्णय परस्पर घेतला म्हणून मी स्टँडवर ओरडत उभी राहिले होते. आता काकांच्या तोंडाचा निर्णय मी भिंतीच्या अलीकडे बसून परस्पर घेत होते.

मी मनगट सोडवून गेले.

काका ओटीवर बसले होते. डब्यात चार वड्या उरल्या होत्या. “ये. दोन खाल्ल्या. काकीला ठेवल्यात. वांगं कसं केलंस गो, मटनावानी लागतंय.” आणि ते हसले. त्यांच्या दाताला काळ्या कागदाचा एक तुकडा चिकटला होता.

मी उभ्यानेच सांगितलं. ताटं दोन होती, चूक माझी, मांस डुकराचं. एका दमात. मग ओटीचा खांब धरला.

काका उठले, मोरीत गेले, बोटं घालून उलटी काढायचा प्रयत्न केला. तो आवाज मी खांबाशी उभी राहून ऐकला. परत आले तेव्हा डोळे लाल होते. माळ त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरून काढली, देव्हाऱ्यात ठेवली आणि त्यावर रुमाल टाकला. मानेभोवती जिथे मणी टेकायचे तिथे कातडीचा फिकट पट्टा होता. त्यांची मान इतकी बारीक आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

“बुवा घालतील परत,” ते म्हणाले. “गुरुवारी येतील रोह्याला, गावाला गेलेत. तवर अशीच.”

गुरुवारला चार दिवस होते.

संध्याकाळी काकी आल्या. त्या मला रागावतील म्हणून मी भीत होते. रागावल्या नाहीत. मागच्या दारी येऊन म्हणाल्या, “सांगायचं व्हतं तर मना सांगायचं. त्याला कशाला सांगितलंस?” आणि कांदे निवडायला बसल्या, डावा हात मांडीवर ठेवून.

सोमवारी काका जेवले नाहीत, फक्त चहा घेतला. मंगळवारी तेच. भिंतीपलीकडे भांडं पडलं तरी माझं काम थांबे. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. बुधवारी सकाळी काकी आल्या तेव्हा त्यांचा पदर खांद्यावरून घसरला होता.

“घरात नाय. चपला नायत. बुधवारी पगार व्हायचा मिठागरावर. त्याच दिवशी प्यायला बसायचं सगळं.”

मी हायवेलगतच्या देशीच्या दुकानात गेले. तिथे आत पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. सकाळचेच चौघे-पाचजण भिंतीला टेकून बसलेले. प्रत्येकाच्या मानेकडे बघत मी आत गेले. “कुनाला शोधतेस?” गल्ल्यावरच्याने विचारलं. सांगितलं. “माळवालं? पन्नास पावलांवर घर हाय, कदी आलं नायत,” तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, “काय, काढली का माळ?” मला त्याचा तो प्रश्न दुकानापेक्षा भयंकर वाटला. खाडीकडच्या वाटेला मिठागराच्या बांधापर्यंत गेले. तिथे कुणी नव्हतं. पाण्याने भरलेली खाचरं बघवेनात.

मग वाटलं, बुवांकडे. नसतील तरी बघावं. दुपारची पॅसेंजर धरली. नागोठणं गेलं, निडी गेलं. प्रत्येक स्टेशनात मी दारात उभी राहून बाकांवर बघत होते आणि ते दिसू नयेत असंच वाटत होतं, कारण मधल्या स्टेशनात बसलेला माणूस कुठेच पोचलेला नसतो.

बुवांचं घर रोह्यात नदीच्या बाजूला. दाराला कुलूप होतं. पायरीवर काका भिंतीला पाठ लावून बसले होते, मान छातीवर. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. जवळ गेले तेव्हा डोळे उघडले.

“बुवा उद्या येतील ना,” मी म्हटलं. “आजच का आलात? काकी रडतायत.”

“बुधवार हाय गो,” ते म्हणाले. “सकाळी उठलो आन पाय आपोआप दुकानाकडं निघालं. वाटेत रिक्षा आली, तिच्यात बसलो. स्टेशन म्हटलं. मी घाबरलो, म्हनून पळालो. इथं बसलो की हलनार नाय, असं ठरवलं.”

बोलताना त्यांचे शब्द जड येत होते. उपासाने, की कशाने, मला कळत नव्हतं.

मी काकींना फोन लावला. सापडले म्हटलं. त्या रडल्या नाहीत, कुठे आहेत, बरे आहेत का, काही विचारलं नाही.

“वास येतो का गो?” एवढंच विचारलं.

एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड हुंगायचं, तेही माझ्यामुळे माळ उतरलेल्या. मी तशीच एक पायरी खाली सरकले, चप्पल नीट करतेय असं दाखवत वाकले. काका माझ्याकडे बघत होते. फोनमधला आवाज त्यांनी ऐकला होता.

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, उघडलं आणि पोटातून जोरात श्वास माझ्या तोंडावर सोडला. मग पुन्हा एकदा.

“सांग तिला,” ते म्हणाले.

तीन दिवसांच्या उपाशी तोंडाचा आंबूस वास होता. दुसरा कसलाही नव्हता. मी काकींना तसं सांगितलं. त्यांनी मला परत विचारलं, नक्की का. नक्की, मी म्हटलं. माझ्या शब्दावर त्यांनी किती विश्वास ठेवला कोण जाणे.

काकांनी भिंतीला पुन्हा पाठ लावली. मी त्यांच्या शेजारी बसले. पायरीवरून दिसणारा रस्ता देशीच्या दुकानावरून बाजाराकडे जात होता, आणि कुलूप उद्या उघडणार होतं.