थोरली आणि धाकटी

११ फेब्रुवारी, मंगळवार. हवा कोरडी. सकाळी वन्संबरोबर बागेत गेले. येताना बसमध्ये बसायला मिळालं.

शाळेत सिस्टर सांगायच्या, रोजनिशीत आधी घडलं ते लिहावं, मग वाटलं ते. मी बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबते. आजही घडलं तेवढंच लिहिते, फक्त मागचं थोडं जोडून.

वन्सं म्हणजे माझी नणंद. त्यांनी लग्न केलं नाही, एकट्याच राहतात. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात फाटक्या चादरींना ठिगळं लावण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीच्या सुमारास धुलाईखान्यामागचं वाळकं झाड पाडलं, तेव्हा खोडाच्या ढोलीत पोपटाचं एक पिल्लू जिवंत सापडलं. वन्संनी ते टोपलीत घालून घरी आणलं आणि पातळ केलेला भात चमच्याने भरवून जगवलं. "आता या वयात मला बाळंतिणीची कामं," एवढंच म्हणाल्या. पिल्लाला पिसं आली ती सगळी हिरवी, अगदी डोक्यासकट.

पुढे तिथल्या एका नर्सची बदली झाली आणि तिने आपला पक्षी वन्संना देऊन टाकला. हा वयाने मोठा होता. निळसर राखी डोकं, गळ्याभोवती पिवळी कड, शेपटीचं टोक पांढरं. वर्षभरात पिल्लाचं हिरवं डोकंही राखी झालं. वन्संनी ठरवून टाकलं की दोघी माद्या. मोठीला थोरली म्हणू लागल्या, पिल्लाला धाकटी. धाकटीला ती पिवळी कड नव्हती. पण कुणाच्या गळ्यात काय आहे आणि काय नाही, हे बघण्याचा वन्संचा स्वभावच नाही.

थोरलीचा पिंजऱ्यात दरारा होता. पेरूची फोड आधी तिला. धाकटी सरकून जागा द्यायची.

"वहिनी, ही आमच्या आईवर गेलीय," वन्सं म्हणाल्या.

"त्या अर्धी फोड तरी ठेवायच्या," मी म्हटलं. त्या पोट धरून हसल्या.

यंदा थंडी सुरू झाली आणि धाकटीच्या कपाळावर लाल डाग दिसले. मग गालांवरही. वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना ते रक्त वाटलं. थोरलीची चोच तर सारखी धाकटीच्या डोक्याशी. "टोचून टोचून जीव घेईल हो ही तिचा," त्या मला म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी थोरलीला नगरपालिकेच्या बागेत देऊन आल्या. तिथे पक्ष्यांसाठी खोलीएवढं जाळीचं घर आहे.

डाग थांबले नाहीत. बघता बघता सगळं डोकं पिकलेल्या आलुबुखारासारखं झालं, उजेडात त्यावर निळी झाक. गळ्याभोवती काळी रेघ उमटली. धाकटीने खाणं टाकलं. खिडकीकडे तोंड करून 'टुई' करायची, थांबायची, पुन्हा करायची. परवा आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"मावशी, हा नर आहे," डॉक्टर म्हणाले.

"छे हो. ती एवढीशी असल्यापासून मी बघतेय तिला."

"या जातीत नर लहानपणी मादीसारखाच दिसतो. तिसऱ्या वर्षी डोक्याला रंग चढतो. वयात आलाय तो."

"आणि ती दुसरी टोचत होती ते?"

"टोचत नसणार. जोडी जमत होती त्यांची. यांच्यात बाईचाच वरचष्मा असतो, ती अशीच ढकलाढकली करते. कुठे आहे ती?"

वन्संनी पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि उठल्या.

म्हणून आज बाग. थोरलीला परत मागायचं होतं. धाकटीलाही बरोबर घेतलं (नाव काही वन्संनी बदललं नाही), तिला पाहून थोरली पुढे येईल म्हणून.

"न्या की," पक्ष्यांची देखभाल करणारा म्हणाला. "कोणती तुमची?"

जाळीमागे राखी डोक्याच्या बऱ्याच होत्या. सगळ्यांना पिवळी कड. वन्संनी जाळीला नाक लावलं. "थोरले. ए थोरले." कुणी मान वळवली नाही. मग त्यांनी फडकं काढलं. धाकटीने टुई केलं, तशा चौघी-पाचजणी उडून आल्या आणि जाळीला लटकल्या.

"कोणती हो, वहिनी?"

माझी नजर अजून चांगली आहे. मी एकेकीकडे पाहिलं. "सांगता येत नाही," म्हटलं.

"यातली कुठलीही घ्या, मावशी. त्याला काय फरक पडतो?"

"तुमच्या घरी जाऊन बोलून बघा असं," मी म्हटलं.

"आमच्या घरी हे बायकोच मला ऐकवते," तो म्हणाला.

एरवी वन्सं यावर हसल्या असत्या. पिंजरा मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या. धाकटी हाक देत होती, आतून उत्तर येत होतं. कुणाचं, ते कळत नव्हतं.

मग त्या उठल्या. "हिला आत सोडा."

"एकदा सोडला की परत पकडून द्यायचा नाही मी. आत आणखी नर आहेत."

"परत नको. मला ओळखू येत नाही. हिला येईल."

त्याने लहान दार उघडलं. धाकटी बराच वेळ उंबऱ्यावरच बसली. नंतर आत गेली, वरच्या दांडीवर. एक राखी डोकं सरकत सरकत तिच्याजवळ गेलं आणि तिला ढकलत दांडीच्या टोकाला नेलं. ती थोरली असेल किंवा नसेल.

"काय करतेय?" वन्संनी विचारलं.

दिसलं ते मी सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "चला, ऊन वाढलं."

वन्सं आज आमच्याकडेच मुक्कामाला आहेत. संध्याकाळी दूध अर्धा लिटर जास्त घेतलं.